भागीमावशीचे दात

जर्मनीत आम्ही राहतो त्या गावात खेळण्यांचं एकच बरं दुकान आहे. माझी मुलगी चार महिन्यांची झाली आणि हाताला लागेल ते तोंडाकडे न्यायला लागली, तेव्हा मी त्या दुकानात गेले. एक लाकडी खुळखुळा उचलला, पर्समधला ओला रुमाल काढून खसाखसा पुसला, रुमालाला रंग लागलाय का ते उजेडात धरून पाहिलं आणि मग त्याची कडी दाढेत धरून ओढली. काउंटरमागची बाई चष्म्यावरून बघत राहिली. माझा नवरा नीलेश आमच्याशी काहीच संबंध नसल्यासारखा बाहुल्यांच्या कपाटाकडे गेला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "अगं, खोक्यावर प्रमाणपत्र छापलंय. वाचता येतं ना तुला?"

"मला येतं. हिला येत नाही," मी म्हटलं.

त्याआधी मी एक खुळखुळा ऑनलाइन मागवला होता. त्याच्यावरही प्रमाणपत्र होतं, हजारभर आयांची शिफारस होती, आणि तिसऱ्या दिवशी त्याची खुंटी माझ्या हातात आली. मुलीच्या हातात येण्याआधी माझ्या हातात आली, कारण मी रोज ओढून बघत होते. विकणाऱ्यानं पैसे परत केले आणि माफीचं गोड पत्र पाठवलं. मी ते पत्र फाडलं. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याच्या पानावर त्या निघालेल्या खुंटीचा फोटो न चुकता टाकते. नीलेश म्हणायचा, हे जरा अति होतंय. त्यानं भागीमावशीला पाहिलेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

भागीमावशी शहापूरला आमच्या घरामागच्या खोलीत राहायची. मूळची मुरबाडकडची, म्हसा या जत्रेच्या गावापासून दोन कोसांवरच्या खेड्यातली. काळीसावळी, हाडांनी रुंद, आणि तोंडात मिश्री नसेल तेव्हा तोंडात काहीतरी बोलणं असायचं. शहापुरात बाळ जन्मलं की त्याला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला तीच जायची. मला तिनं न्हाऊ घातलं, माझ्या धाकट्या भावाला घातलं. पायांवर पालथं घालून ती बाळाला अशी चोळायची की नवख्या आया डोळे मिटून घ्यायच्या. बाळ रडलं तर म्हणायची, "रड रे. तुजं रडनं ऐकू येतंय तवर मला काय भ्या नाय."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तिच्या कमरेला एक चंची असायची. त्यात मिश्रीची डबी, सुपारी, आणि एक ओलं फडकं, मेणकापडात गुंडाळलेलं. ज्या घरात न्हाऊ घालायची त्या घरातली खेळणी आधी तिच्यासमोर यायची. ती फडक्यानं पुसायची, रंग उतरला तर खेळणं सरळ खिडकीबाहेर. मग दगडावर आपटायची. मग दातांत धरून ओढायची. तिचे दात तेव्हा भक्कम होते, मिश्रीनं काळे पण भक्कम. कित्येक भुंगे, चिमण्या आणि रबरी बदकं तिच्या दातांनी संपवली. आमच्या शेजारचे एक साहेब मुंबईहून बाळासाठी भारीतलं खेळणं घेऊन आले होते. त्यांनी तिला खोक्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "साहेब, पोर कुटं वाचतंय? पोर चावतंय." आणि चावलं. बदकाची शिट्टी तिच्या जिभेवर आली. ती तिनं तळहातावर थुंकून साहेबांना दिली.

तिला पसंत पडायचं ते फक्त शिवणीच्या लाकडाचं कडं. एका लाकडातून कोरलेलं, न रंगवलेलं, खोबरेल तेल पाजलेलं. म्हशाकडचा एक सुतार तिला ती करून द्यायचा. "सांदा दिसला की माजा इस्वास उडतो," असं म्हणून ती प्रत्येक बाळाला एक कडं द्यायची. माझं कडं आईनं जपून ठेवलंय, त्यावर माझ्या पहिल्या दोन दातांचे व्रण आहेत.

आता तिच्या मुलीची गोष्ट. ही मला आईनं सांगितली, मावशीनं कधी सांगितली नाही.

मावशीची मुलगी अकरा महिन्यांची होती. म्हशाच्या जत्रेत नवऱ्यानं हौसेनं तिला खुळखुळा घेतला. लाल दांडी, पिवळा गोळा, गोळ्यात पाच मणी. शहापूरच्या बाजारात ज्यांचं खेळणी-कटलरीचं मोठं दुकान आहे त्या वसंतशेठचा जत्रेत दरवर्षी मांडव लागायचा, तिथला. घरी आल्यावर मावशी चुलीवर भाकरी टाकत होती आणि पोर तीन हात अंतरावर बसून खुळखुळा वाजवत होती. वाजवता वाजवता आवाज थांबला. मावशीनं वळून पाहिलं तर गोळ्याचं झाकण निघालेलं, मणी जमिनीवर, आणि पोर आवाज न करता तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती. मुरबाडला नेईपर्यंत संपलं होतं. जमिनीवर चार मणी सापडले.

सुतक फिटल्यावर नवरा आणि दीर वसंतशेठकडे गेले. मावशीही मागोमाग गेली. वसंतशेठनं खुळखुळा हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत दिला. म्हणाला, "असे हजार विकलेत मी, कुणाची तक्रार नाय. मालात खोट नाय. आईचं लक्ष नसंल, त्याला मी काय करू?"

आईचं लक्ष नसंल. एवढंच वाक्य. पण ते दुकानातून निघून मावशीच्या आधी गावात पोचलं. सासू म्हणाली, लक्ष नव्हतं. जावा म्हणाल्या, लक्ष नव्हतं. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी केली, त्यालाही कारण तेच. पोर गेली ते दुःख होतंच, पण मावशीचं वैर या वाक्याशी होतं. ते ज्या तोंडातून निघालं त्याच तोंडानं ते परत घ्यावं, चार लोकांत घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती शहापूरला आली, वसंतशेठच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आमची खोली भाड्यानं घेतली आणि थांबली.

नुसती थांबली असं म्हणणं बरोबर नाही. पौषात म्हशाची जत्रा लागली की ती कामं बंद ठेवून जायची. बैलबाजाराच्या अलीकडे घोंगड्यांची पालं, त्याच्या ओळीत वसंतशेठचा मांडव, आणि मांडवाच्या बरोब्बर समोर भागीमावशी. खाली गोणपाट, पुढ्यात पाण्याची वाटी, फडकं आणि एक दगड. मी नऊ-दहा वर्षांची असताना आईबरोबर जाऊन हे स्वतः पाहिलंय. कडेवर पोर घेतलेली बाई मांडवातून बाहेर आली की मावशी हाक मारायची, "बघू गो, काय घेतलंस पोराला?"

बाई कौतुकानं दाखवायची. मावशी पुसायची, फडकं लाल व्हायचं. आपटायची, चाक निखळायचं. ओढायची, डोळा निघायचा. मग तो डोळा बाईच्या हातात ठेवून म्हणायची, "हा तुज्या पोराच्या घशात जानार व्हता. जा, त्याला दाखव." बाई तरातरा मांडवात जायची आणि मग आतून जो आरडाओरडा यायचा तो मावशी डोळे मिटून ऐकायची. मी तिला इतकं सुखात एरवी कधी पाहिलं नाही.

वसंतशेठनं हवालदाराला बोलावलं. हवालदार आला, काठी आपटून म्हणाला, "मावशी, उठा इथनं. धंदा बिघडवताय त्यांचा."

"उठते की," मावशी म्हणाली. "तुमाला नातू हाय ना साहेब? त्याला न्या ही," आणि तिनं एक खेळण्यातली गाडी त्याच्या हातात ठेवली. हवालदारानं गाडी हातात घेतली, चाक जरा हलवून बघितलं. चाक त्याच्या हातात आलं. तो बैलबाजाराकडे निघून गेला.

मग शेठनं दुसरा मार्ग धरला. दिवाळीला तिच्या खोलीवर एक लुगडं पाठवलं, जरीकाठाचं. आईला वाटलं, फेकून देईल. मावशीनं ते ठेवून घेतलं. पुढच्या जत्रेत तिच्या पुढ्यात फडक्यांची चळत होती, सगळ्यांना जरीचा काठ. येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "शेठचंच लुगडं हाय गो. शेठच्याच मालाला पुसाया दिलंय त्यानं." लुगड्याचे पन्नास तुकडे झाले होते आणि ते तिला तीन जत्रा पुरले. शहापुरात शेठला तोवर सगळे खुळखुळाशेठच म्हणायला लागले होते.

लोक तिला समजवायचे. आईनंही समजावलं, "भागी, किती वर्षं झाली. विसर आता."

"इसरायला ती काय पिशवी हाय बाजारात इसरलेली?" मावशी म्हणाली. आईनं तिला चहा दिला.

मी अकरावीत होते तेव्हाचं पुढचं. वसंतशेठला नातू झाला. सून अशक्त होती, बाळही किरकोळ वजनाचं. शेठाणीनं दोन बायका लावून पाहिल्या, बाळाच्या अंगावर मांस चढेना. शेवटी ती स्वतः आमच्या मागच्या दारी आली. मावशी तांदूळ निवडत होती. शेठाणी उभ्याउभ्याच म्हणाली, "भागे, जुनं मनात धरू नको. पोराकडं बघ."

मावशीनं सूप खाली ठेवलं. "उद्या सकाळी पानी तापवून ठेवा," म्हणाली.

शेठाणी गेल्यावर आई घाबरून मागे गेली. "तू जाणार? त्या घरात?"

"त्या घरात शिराया मला बावीस वर्सं लागली बाई. आता बोलावनं आलंय तर नाय म्हनू?"

आईला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. तिला मावशीची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण भीतीच्या खाली मला उत्सुकता होती. ती काहीतरी करणार हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तिनं ते करावं असं मला वाटत होतं.

बारा दिवस मावशी गेली. बाळाला असं चोळलं, असं शेकलं की ते पुरीसारखं फुगलं. शेठाणी आळीभर तिचं कौतुक करत फिरली. मग बाळाच्या तब्येतीमुळं लांबवलेलं बारसं आलं. आमच्या आळीत पाळण्याला पहिलं खेळणं बांधायचा मान न्हाऊ घालणारीचा असतो. घरातली माणसं त्यानंतर. हा मान कुणी मागून घेत नाही आणि कुणी अडवतही नाही.

माजघरात चाळीसएक बायका. पाळण्याला झेंडूची माळ, सून नव्या साडीत. मावशी पुढे झाली. सगळ्यांना वाटलं, शिवणीचं कडं काढेल. तिनं चंचीतून खुळखुळा काढला. लाल दांडी, पिवळा गोळा, झाकण काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेलं. एकदा वाजवला. चार मण्यांचा आवाज.

"शेठना बोलवा," ती म्हणाली.

ओटीवर पुरुष मंडळी बसली होती. वसंतशेठ हसत दारात आला आणि खुळखुळा पाहून त्याचं हसू गेलं.

"वळखला का?" मावशीनं विचारलं. "तुमच्याच मांडवातला. बांदू पाळन्याला?"

मावशीनं वाकून दांडी बाळाच्या मुठीला लावली. एवढी लहान पोरं मुठीला काही लागलं की घट्ट धरतात. त्यानंही धरली. मी पाळण्याच्या बाजूलाच होते, म्हणून मला दिसलं की मावशीनं दुसरा तळहात गोळ्याखाली घट्ट धरून ठेवला होता. दारातून ते दिसत नव्हतं. दारातून दिसत होता तो फक्त नातवाच्या मुठीतला खुळखुळा.

"नको," शेठ म्हणाला.

"का?"

"नको म्हटलं ना. काढ तो."

"का पन? हजार इकलेत तुमी. मालात खोट नाय. आन सूनबाईचं लक्ष हाय की पोराकडं."

सून हुंदका देऊन उठायला लागली. मावशीनं शेठवरची नजर हटवली नाही. वसंतशेठनं चौकटीला हात लावला. आधी शेठाणीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

"खोट होती," तो म्हणाला. आवाज इतका लहान की मागच्या बायकांनी माना पुढे काढल्या.

"मागं ऐकू गेलं नाय."

"मालात खोट होती. झाकण नीट बसत नव्हतं, मला ठाऊक होतं. तुझं लक्ष होतं. काढ आता तो, तुझ्या पाया पडतो."

मावशीनं बाळाची बोटं एकेक करून सोडवली, खुळखुळा चंचीत ठेवला आणि शिवणीचं कडं पाळण्याला बांधलं. मग झोका दिला. बायकांना पाळणा म्हणायचं सुचेना, तर तिनंच सुरू केला. तिचा आवाज जाडाभरडा होता आणि तिनं त्या दिवशी एकही कडवं गाळलं नाही. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की अजूनही त्याची लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे बाळाला न्हाऊ घालायला गेली आणि सव्वा महिना पुरा करूनच थांबली.

मी तिला विचारलं होतं, "मावशी, मग आता माफ केलंस त्यांना?"

"माफ कराया मी काय देवी हाय?" ती म्हणाली. "त्यानं खोट कबूल केली. खोटेची शिक्षा कुटं झाली अजून?"

त्यानंतर माझं शिक्षण, नोकरी, लग्न, परदेश. फोनवर आईकडून मावशीची खुशाली कळायची. गुडघे गेले, न्हाऊ घालणं बंद झालं, दात एकेक करून पडले. जत्रा मात्र सुटली नव्हती.

या पौषात आम्ही आलो तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. जर्मनीतल्या त्या दुकानातला खुळखुळा मी बरोबर आणला होता, तोच, माझ्या दाढेला पुरून उरलेला. मावशीकडून त्याला पास करून घ्यायचं होतं. घरी गेले तर खोलीला कुलूप. आई म्हणाली, "जत्रेला गेलीय. रिक्षावाला रोज नेऊन बसवतो."

नीलेशला आणि मुलीला घेऊन मी म्हशाला गेले. घोंगड्यांची पालं, पलीकडे बैलांच्या घंटा, आणि तिथंच गोणपाटावर मावशी. वाळून निम्मी झालेली. पुढ्यात वाटी नव्हती, फडकं नव्हतं, दगडही नव्हता. तिनं मुलीच्या गालाला हात लावला, पोटऱ्या दाबून बघितल्या, "तेल कमी पडतंय," म्हणाली. मग मी खुळखुळा पुढे केला.

तिनं तो चाचपला, नखानं सांधा शोधला. तोंडाजवळ नेला आणि हसली. वरच्या हिरडीत एकही दात नव्हता.

"माजं काम झालं गो," ती म्हणाली. "आता त्याच्याकडं दे." तिनं हनुवटीनं समोर दाखवलं.

समोर मांडवात वसंतशेठ खुर्चीवर बसला होता. पंचाहत्तरीचा झाला असेल. पुढ्यात खेळण्यांचा ढीग, मांडीवर ओलं फडकं, बाजूला दगड. एकेक खेळणं तो पुसत होता, आपटत होता, मग दातांत धरून ओढत होता. जे निभावलं ते फळीवर जात होतं, बाकीचं पायाशी. पायाशी बराच ढीग होता. फळीपुढं बायका शांतपणे थांबल्या होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"माजा शेवटचा दात पडला तवापासून. मी सांगितलं, आता तू चाव. माज्यासमोर चाव. नाय तर तो खुळखुळा तुज्या मांडवाच्या खांबाला बांदीन आन खाली बसून सगळ्यास्नी गोष्ट सांगीन."

मी आणि नीलेश रस्ता ओलांडून शेठकडे गेलो. त्यानं मला ओळखलं नाही. जर्मन खुळखुळा मी त्याच्या हातात दिला. त्यानं विचारलं नाही, कुठला, केवढ्याचा. फडक्यानं पुसला, दगडावर दोनदा आपटला, मग दाढेखाली धरून मान मागे घेत ओढला. कडी सुटली नाही. तोंडातून काढून त्यानं तो बाजूच्या नीलेशच्या हाताशी नेला, पण दिला नाही. तो आमच्या दोघांच्या मधून, रस्त्यापलीकडे बघत होता.

गोणपाटावरून मावशीनं एक बोट वर केलं. अजून एकदा.

शेठनं खुळखुळा पुन्हा तोंडात घातला.